मृगाचा पाऊस मे महिन्यातच आला, तर चौथीच्या वर्गाला काय सांगावे?

रानपाखरू (धागालेखिका)

गेली चौदा वर्षे मी मुळशी आणि भोर तालुक्यांतील शाळांमध्ये निसर्गशिक्षणाचे वर्ग घेते. जूनच्या मध्यात शाळा उघडली की पहिल्या तासाला मी मुलांना नेहमी एकच प्रश्न विचारते : पहिला पाऊस पडला त्या दिवशी आणि त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही काय काय पाहिले आणि काय काय ऐकले? उत्तरे बहुतेक ठरलेली असतात. मृगाचे मखमली लाल किडे, दिव्याभोवती पंख टाकून मरणाऱ्या वाळव्या, रात्रभर चाललेले बेडकांचे ओरडणे, ओढ्याला आलेले गढूळ पाणी आणि त्या पाण्यातून वर चढणारे मासे. चढणीचे मासे पकडायला कोण कोणाबरोबर गेले होते, यावर वर्गात थोडी भांडणेही होतात.

२०२५ साली हा तास नेहमीसारखा झाला नाही. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. त्याआधीची सर्वांत लवकरची तारीख २९ मे ही होती, म्हणजे नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. आमच्या भागात तर त्याच्याही आधी चार-सहा दिवस वळवाच्या नावाखाली संततधार लागलेली होती. मुले मामाच्या गावी नाहीतर लग्नघरी होती, लोकांच्या पेंढ्याच्या गंजी झाकायच्या राहिल्या होत्या, आणि शाळा उघडेपर्यंत पहिला पाऊस ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची होऊन गेली होती. चौथीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, यंदा मृग चुकला का?"

मी म्हणाले, "मृग चुकला नाही. मृग नेहमीप्रमाणे ८ जूनच्या आसपास लागला, पाऊस मात्र त्याच्या आधी आला." त्यावर तिचा दुसरा प्रश्न तयारच होता. "मग किडे कुणाचं ऐकतात, मृगाचं की पावसाचं?" किडे अर्थातच मे महिन्यात, पहिली जमीन भिजल्यावर बाहेर आले होते. तेव्हा रोहिणी नक्षत्र चालू होते. मागच्या बाकावरून कोणीतरी त्यांचे "रोहिणीचे किडे" असे बारसे केले आणि तेच नाव वर्षभर चालले.

तिच्या या दुसऱ्या प्रश्नासाठी मी हा धागा काढते आहे. या मुलीने दुसरीत जाताना २०२३ चा पाऊस पाहिला. त्या वर्षी मान्सून २५ जूनला मुंबईत आणि त्याच दिवशी दिल्लीतही पोहोचला, आणि असे १९६१ नंतर प्रथमच घडले. तिसरीत जाताना, म्हणजे २०२४ साली, तो ९ जूनला, जवळपास वेळेवर आला. चौथीत जाताना तो मे महिन्यातच आला. ज्या मुलीच्या जाणत्या आयुष्यातील तीन पावसाळ्यांच्या आरंभात एक महिन्याचे अंतर आहे, तिला मी "७ जूनला पावसाळा सुरू होतो" हे वाक्य फळ्यावर कोणत्या तोंडाने लिहून द्यावे?

अशा वेळी दोन सोपी उत्तरे हाताशी असतात. एक, "हा सगळा हवामानबदल आहे." दुसरे, "पाऊस पूर्वीपासून लहरीच होता, आमचे आजोबाही हेच म्हणत." दोन्ही उत्तरांनी प्रश्न मिटतो, आणि म्हणूनच मला ती दोन्ही वर्गात नको वाटतात. मुलीने विचारलेला प्रश्न अधिक नेमका होता. प्रत्येक जीव नक्की कोणाचा सांगावा ऐकतो, असे ती विचारत होती.

काही जीव सूर्याचा सांगावा ऐकतात. करडा धोबी सप्टेंबरमध्ये आमच्या ओढ्यावर शेपटी हलवत येतो, तो हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे दिवस लहान होऊ लागल्यामुळे निघालेला असतो. मुळशीत त्या वर्षी पाऊस कधी आला याची त्याला काही खबर नसते. काही जीव उन्हाचा सांगावा ऐकतात. पावशा फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागले की बोलू लागतो. आपण त्याच्या ओरडण्यात "पेरते व्हा" ऐकतो, पण तो पाऊस मागत नसतो, तो विणीच्या हंगामातला नर असतो आणि त्याच्या मादीचे लक्ष सातभाईंच्या घरट्याकडे असते, कारण तिची अंडी त्या घरट्यात जायची असतात. बेडूक, वाळवी आणि मृगाचे किडे मात्र थेट पावसाचे ऐकतात. जमीन भिजली की ते बाहेर येतात, मग पंचांगात काहीही लिहिलेले असो.

पाऊस एक महिना अलीकडे सरकला की पावसाचे ऐकणारे त्याच्याबरोबर सरकतात आणि सूर्याचे ऐकणारे जागेवरच राहतात. घोटाळा होतो तो यांच्या मधल्या अंतरात. सातभाईंची पिल्ले ज्या अळ्यांवर वाढतात त्या अळ्या कोवळ्या पानांवर असतात, कोवळी पाने झाडांवर आणि वेलींवर आपापल्या हिशेबाने येतात, आणि त्याच घरट्यातल्या परक्या पिल्लाचाही जीव त्याच अळ्यांवर अवलंबून असतो. या साखळीतील एक कडी पंधरा दिवस पुढे गेली आणि दुसरी गेली नाही तर नेमके कोण उपाशी राहते, हे पाहण्यासारखे आहे. माझ्या मते मुलांना ऋतू शिकवायचा तर तो तारखांनी न शिकवता या कड्यांनी शिकवावा.

काजव्यांचे एक उदाहरण मनात घोळते आहे. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात, ओलसर जमिनीत, गोगलगायी खात जाते. प्रौढ काजवा जेमतेम काही आठवडे जगतो, आणि मे महिन्याचा शेवट ते पावसाचा जोर वाढण्यापूर्वीचे दिवस एवढाच त्याचा चमकण्याचा काळ असतो. भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या भागांत लोक गाड्या भरभरून त्यासाठीच जातात. आमच्या वाडीजवळ हिरडा आणि सादडा यांची काही जुनी झाडे आहेत, तिथे मी दर वर्षी मुलांना घेऊन जाते. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही तीन रात्री गेलो आणि तिन्ही रात्री भिजून परत आलो. झाडांवर तुरळक ठिपके दिसले. काजवे कमी होते, की पावसात ते चमकत नव्हते, की आमची वेळ चुकली, हे तीन रात्रींवरून सांगता येणार नाही. मी मुलांनाही तसेच सांगितले, आणि त्या उत्तराने ती अजिबात समाधानी झाली नाहीत, हेही नमूद करते.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या स्वतःच्या सवयीविरुद्ध जातो. एका शाळेतल्या मुलांनी "यंदा बेडूक फार कमी ओरडले" अशी नोंद केली होती. मी मनातल्या मनात लांबलेला उन्हाळा, तापमान वगैरे जुळवाजुळव सुरू केली होती. मग आम्ही जागेवर गेलो. शाळेमागचे ज्या डबक्यात बेडूक दर वर्षी अंडी घालत, ते मुरूम टाकून बुजवलेले होते आणि त्यावर भूखंडांचे दगड रोवलेले होते. हवामानबदल खरा आहे याबद्दल मला शंका नाही, पण प्रत्येक गोष्ट त्याच्या खात्यावर मांडली की बुजवलेले डबके कुणाच्याच खात्यावर राहत नाही.

आपापल्या भागात कोणता जीव कोणाचा सांगावा ऐकतो आणि त्यात काय बदललेले दिसते, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. ऐकीव माहितीपेक्षा स्वतः पाहिलेले असेल तर अधिक चांगले.

हापूसवाला

ताई, आंबा कोणाचे ऐकतो हे मला वडिलांनी शिकवले, आणि आता तो कोणाचेच धड ऐकत नाही असे वाटते. आमची बाग रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या वरच्या सड्यावर आहे. हापूसला मोहोर येण्यासाठी आधी पाऊस थांबावा लागतो, मुळांना ताण बसावा लागतो आणि मग रात्री थंड व्हाव्या लागतात. ऑक्टोबरभर पाऊस रेंगाळला की झाडाला ताण बसत नाही आणि मोहोराऐवजी पालवी फुटते. पालवी दिसायला सुंदर असते, पण ती पक्की होऊन तिथून मोहोर यायला पुढचे कित्येक आठवडे जातात आणि आंबा बाजारात यायला मे उजाडतो.

दुसरी अडचण पुनर्मोहोराची आहे. पहिला मोहोर येऊन कणी धरलेली असते, कैरी सुपारीएवढी झालेली असते, आणि मध्येच थंडीची लाट येऊन त्याच फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो. झाड सगळे अन्न नव्या मोहोराकडे वळवते आणि धरलेली फळे गळून पडतात. म्हणजे थंडी हवी, पण ती आपल्या वेळेला आणि आपल्या मापात हवी. त्यात ढगाळ हवा आली की तुडतुडे, आणि ऊन वाढले की फुलकिडे. पूर्वी फवारण्यांचे वेळापत्रक वडील दिनदर्शिकेवर लिहून ठेवत असत. आता मी ते पेन्सिलीने लिहितो.

तुमच्या धाग्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट म्हणजे मोहोरावर येणाऱ्या माश्या आणि लहान माशीवर्गीय कीटक. आंब्याचे परागीभवन मुख्यतः त्यांच्यावर चालते. मोहोर आला आणि ते आले नाहीत, किंवा ते असताना मी फवारले, तर दोष हवामानाचा नसून माझा असतो. बुजवलेल्या डबक्याचा मुद्दा म्हणूनच मनाला लागला.

खगोलप्रेमी

"मृग चुकला का" या प्रश्नाला आकाशाच्या बाजूने एक उत्तर आहे आणि ते फार कमी लोक सांगतात, म्हणून लिहितो.

पावसाची नक्षत्रे म्हणजे सूर्य त्या त्या नक्षत्रात असण्याचा काळ. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी ती सुमारे तेरा-चौदा दिवसांच्या अंतराने पुढे जातात. आपली पंचांगे हा प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. ऋतू मात्र ताऱ्यांवर चालत नाहीत, ते पृथ्वीच्या अक्षाच्या कलावर, म्हणजे संपातबिंदूंवर (दिवस आणि रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या जागांवर) चालतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा संथपणे डुलत असल्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. ही वीस मिनिटे साठत जातात आणि साधारण ७२ वर्षांत एक दिवस होतो. आज सूर्य ७-८ जूनला मृगात जातो, पण सातशे वर्षांपूर्वी ऋतूंच्या हिशेबाने तो जवळपास दहा दिवस आधी जात असे, म्हणजे आजच्या भाषेत मे महिन्याच्या अखेरीस.

"पडल्या तर मघा, नाहीतर ढगांकडे बघा" किंवा "पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती" या म्हणी नेमक्या कोणत्या शतकात रुळल्या हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण त्या जितक्या जुन्या असतील तितके नक्षत्र आणि ऋतू यांच्यातील अंतर वाढलेले आहे. तेव्हा पाऊस जागच्या जागी राहिला असता तरी नक्षत्र त्याच्यापासून हळूहळू पुढे सरकलेच असते. याचा २०२५ च्या पावसाशी संबंध जोडू नये, ७२ वर्षांत एक दिवस आणि दोन वर्षांत एक महिना या दोन अगदी वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. नक्षत्रांची वाहने, म्हणजे यंदा बेडूक की म्हैस की कोल्हा, यांवर मात्र मी बोलणार नाही. त्यावरून घरात आधीच एकदा वाद झाला आहे.

शंकेखोर

लेख आवडला, पण थोडी कटकट करतो. चौदा वर्षांची आठवण म्हणजे नोंद नव्हे. माणसाला विलक्षण वर्षे लक्षात राहतात आणि साधी वर्षे तो विसरतो. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, तो सगळ्यांना आठवतो. पण २०१७ चा ऑगस्ट कसा होता, हे या धाग्यावरच्या किती जणांना सांगता येईल?

मान्सून येण्याच्या तारखेवर आपण जितके बोलतो तितके जाण्याच्या तारखेवर बोलत नाही, हीदेखील माझी जुनी तक्रार आहे. हवामान विभागाने २०२० साली सर्वसाधारण तारखा बदलल्या, त्यात मुंबईत मान्सून येण्याची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, म्हणजे फरक एका दिवसाचा. परतण्याची तारीख मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. आधीच्या तारखा विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांतील नोंदींवर आधारलेल्या होत्या आणि नव्या तारखा अलीकडच्या साधारण पन्नास-साठ वर्षांवर. २०१९ साली तर देशातून मान्सून परतायला ९ ऑक्टोबरला कुठे सुरुवात झाली. हापूसवाल्यांनी रेंगाळणाऱ्या ऑक्टोबरबद्दल जे लिहिले त्याला या आकड्यांचा आधार आहे. धाग्याचे शीर्षक मात्र पुन्हा आगमनाचेच आहे.

तेव्हा प्रश्न असा की, मुलांच्या नोंदी तुम्ही कशा घेता, आणि "दिसले नाही" हीसुद्धा नोंद असते का?

रानपाखरू

शंकेखोर, तुमची कटकट रास्त आहे आणि शीर्षकाची चूक मान्य आहे. परतीचा पाऊस मी वर्गातही दुर्लक्षित ठेवला होता, कारण तो नेमका सहामाही परीक्षेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास असतो. निसर्गापेक्षा शाळेच्या वेळापत्रकानेच माझ्या नोंदींचा आकार ठरवला, हे तुमच्या प्रतिसादामुळे लक्षात आले.

नोंदींबद्दल सांगते. पहिली सहा-सात वर्षे मी मोठी चूक केली. मुलांना मी फक्त "प्रथम कधी दिसले" एवढेच लिहायला सांगत असे : पहिला चातक, पहिला नवरंग, पहिला धोबी. वह्या एकत्र ठेवून पाहिल्या तेव्हा चातक दर वर्षी थोडा थोडा लवकर येतो आहे असे दिसू लागले आणि मी फार उत्साहित झाले. मग एका मित्राने विचारले, "पहिल्या वर्षी किती मुले पाहत होती आणि आता किती?" पहिल्या वर्षी अकरा मुले होती, नंतर ती साठांच्या वर गेली होती. डोळे वाढले की पहिले दर्शन आपोआप अलीकडे येते, पक्षी बिचारा आपल्या वेळेलाच आलेला असतो. २००७ साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमात देशभरातले लोक स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाच्या नोंदी पाठवू लागले, तेव्हा अशा नोंदी वाचताना किती सावध राहावे लागते हे मला हळूहळू कळू लागले. पण स्वतःच्या वह्यांना ती सावधगिरी लावायला मला बरीच वर्षे लागली.

आता वहीत तीनच रकाने आहेत : पाहायला गेलो का, किती वेळ पाहिले, दिसले की नाही. "दिसले नाही" लिहिणाऱ्याला "दिसले" लिहिणाऱ्याइतकेच महत्त्व मिळते. हे मुलांना पटवणे सर्वांत अवघड जाते. गेल्या वर्षी एका मुलाने ओळीने एकवीस दिवस "नवरंग दिसला नाही, आवाज नाही" असे लिहिले आणि बाविसाव्या दिवशी पहाटे त्याला तो ऐकू आला. माझ्या दृष्टीने त्या वहीतील बाविसाव्या ओळीची किंमत आधीच्या एकवीस ओळींमुळे आहे.

गोफण

आमच्या सोलापूरकडे मृगापेक्षा रब्बीचे महत्त्व अधिक, म्हणून माझी नोंद हिवाळ्याची आहे. भोरडी, जिला काही भागांत पळसमैना म्हणतात, मध्य आशियातून येते. ऑगस्टच्या अखेरीपासून थवे दिसू लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जाताना ते पळस आणि पांगाऱ्याच्या फुलांवर मध पिताना दिसतात. संध्याकाळी तलावाकाठच्या बाभळींवर उतरण्यापूर्वी हजारो पक्षी आकाशात एकदम वळतात, तेव्हा धुराचा लोट वळल्यासारखा वाटतो.

ज्वारी हुरड्यात आली की पूर्वी आम्ही शेतात माळा बांधून गोफण घेऊन बसत असू, तेच नाव मी इथे घेतले आहे. त्या वेळी भोरडी म्हणजे शत्रू होती. ती ज्वारीच्या दाण्याआधी अळ्या आणि टोळ किती खाते, हे फार उशिरा समजले. आता आमच्या शिवारात ज्वारीचा पेरा फार घटला आहे, पाणी आले तिथे ऊस आला. भोरडी अजूनही येते, पण ती उतरते कुठे आणि खाते काय, हे बदलले आहे. ती सूर्याचे ऐकून येते हे तुमचे म्हणणे पटते, पण आल्यावर तिला कारखान्याचे आणि कालव्याचे ऐकावे लागते.

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचेही तसेच आहे. परतीच्या पावसाने धरण काठोकाठ भरलेले राहिले तर उथळ चिखल लवकर उघडा पडत नाही आणि मग जानेवारीतही लोक "यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत" म्हणत परत जातात. पक्षी त्यांना चरता येईल अशा उथळ पाण्याच्या शोधात दुसरीकडे गेलेले असतात. शंकेखोरांच्या परतीच्या तारखेला ही आणखी एक पुरवणी.

पठारावरून

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराबद्दल लिहितो. येथील सरड्याची एक जात २०१६ साली विज्ञानाला नव्याने ओळखीची झाली, आणि तिच्या प्रजातीला (म्हणजे जातीहून मोठ्या गटाला) संशोधकांनी आपला "सरडा" हाच मराठी शब्द दिला. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी रंगांचा पंखा असतो. पाऊस येण्यापूर्वीच्या कडक उन्हात तो एखाद्या दगडावर चढून हा पंखा उघडतो आणि मिटतो. पाऊस सुरू झाला की पठारावर गवत वाढते, दगड झाकले जातात आणि ते प्रदर्शन संपते. मे महिन्यातच पाऊस आला तर त्या नरांचे ते थोडे दिवस आणखी कमी होतात, असा माझा अंदाज आहे. मी तो मोजलेला नाही.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी आणि सरडे जास्त आढळतात, आणि त्या सरड्यांना भीतीही कमी वाटते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणजे एखाद्या वर्षी "सरडे वाढले" अशी नोंद कोणा मुलाने केली, तर त्याने आधी आकाशात घारी आणि ससाणे किती आहेत हे पाहिले पाहिजे. धागालेखिकेने कड्यांबद्दल जे लिहिले, त्याला याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

ओहळ

चिपळूणच्या बाजूची एक छोटी भर घालते. तिबोटी खंड्या जूनमध्ये आमच्या ओहळावर येतो आणि काठाच्या मऊ मातीत बीळ करून अंडी घालतो. मातीत बीळ कोरता यावे इतका पाऊस झालेला असावा लागतो, आणि बिळात पाणी शिरेल इतका तो नसावा लागतो. गेल्या काही वर्षांत एकाच रात्रीत धो धो पडणारा पाऊस वाढल्यासारखा वाटतो आणि काठ ढासळतात. आमच्याकडची एक जोडी आता रस्त्यासाठी खोदलेल्या दरडीत बीळ करते. ती जागा पुरापासून सुरक्षित आहे, पण ट्रकपासून नाही.

एक_पालक

आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो. ना ओढा, ना काजवे, ना पठार. माझा मुलगा तिसरीत आहे. हा धागा त्याला वाचून दाखवला तेव्हा त्याने विचारले की आपण कशाची वही ठेवायची. आवारात एक बहावा आहे, जो एप्रिल-मेमध्ये फुलतो, पण गेल्या वर्षी त्याला ऑक्टोबरमध्येही दोन-चार घोस आले होते. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असे माझी आई म्हणते. मग ऑक्टोबरमधल्या घोसांचा अर्थ काय घ्यायचा? शिवाय एक पिंपळ आहे आणि फाटकाजवळ एक ताम्हण आहे. तज्ज्ञ नसलेल्या माणसाने ठेवलेल्या नोंदीला काही किंमत असते का?

रानपाखरू

पालक महोदय, ताम्हण हे आपले राज्यफूल आहे आणि ते महाराष्ट्र दिनाच्या सुमारास फुललेले असते, एवढ्या एका योगायोगावर तिसरीतल्या मुलाची वही सहज सुरू होईल. माझा सल्ला मात्र तिन्ही झाडे एकदम न घेण्याचा आहे. एकच झाड घ्यावे, आठवड्यातून एकच वार ठरवावा आणि त्या दिवशी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : नवी पालवी, फुले आणि फळे. प्रत्येकापुढे "नाही", "थोडी" किंवा "पुष्कळ" यांपैकी एकच शब्द लिहावा. सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात शाळांमधली मुले झाडांच्या नोंदी साधारण अशाच पद्धतीने करतात, आणि त्या नोंदी करणारे बहुतेक जण तज्ज्ञ नाहीत.

बहाव्याच्या अवेळी आलेल्या घोसांचा अर्थ एका वर्षात लावू नये. दोन-चार घोस आणि पूर्ण बहर यांत फरक असतो, आणि "थोडी" व "पुष्कळ" हे शब्द तेवढ्यासाठीच आहेत. आपल्या मातुःश्रींच्या ठोकताळ्याची परीक्षा घ्यायची असेल तर पूर्ण बहराची तारीख आणि पावसाची तारीख या दोन्ही दर वर्षी लिहाव्यात. २०२३, २०२४ आणि २०२५ या तीन वर्षांत बहावा प्रत्येक वेळी पावसाच्या दीड-दोन महिने आधीच फुलला होता का, हे कोणी लिहून ठेवले असते तर आज मला ते वाचायला फार आवडले असते. माझ्याकडे ती नोंद नाही. मी त्या वर्षी पक्ष्यांच्या मागे होते.

ओहळ, तुमच्या दरडीतल्या जोडीसाठी पुढच्या जूनमध्ये मी चिपळूणला येईन. गोफण यांना विनंती अशी की, ज्वारीचा पेरा आणि भोरडीचे थवे यांची नोंद एकाच वहीत ठेवावी, वेगवेगळ्या ठेवल्या तर पुढच्या पिढीत त्या एकत्र येणार नाहीत.

आणि पालक महोदय, एक गोष्ट लिहायची राहिली. झाड निवडताना रात्री एकदा खाली उतरून पाहावे. सोसायटीचा दिवा रात्रभर झाडाच्या एका बाजूवर पडत असेल तर त्या बाजूची पाने इतरांपेक्षा उशिरा गळू शकतात, कारण त्या फांद्यांसाठी दिवस लहान झालेलाच नसतो. तसे असेल तर दिव्याकडची फांदी आणि अंधारातली फांदी अशा दोन फांद्यांना दोन रंगांच्या चिंध्या बांधाव्यात आणि त्यांच्या नोंदी वेगळ्या कराव्यात. एकच झाड दोन सांगावे ऐकत असेल, तर ते तुमच्या मुलाला माझ्या वर्गाच्या आधी कळेल.